कोच नेमताना घ्यायची (कोचची) काळजी

धंदा का चालत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. माल जातो, बिल जातं, पैसे येत नाहीत. साठ-साठ दिवस येत नाहीत. तुम्हाला माल देणारा मात्र पंधराव्या दिवशी दारात हजर. मधले पंचेचाळीस दिवस तुम्ही पदरचे पैसे घालून काढता, आणि विक्री जितकी वाढते तितका पदर फाटत जातो. तुमचे हिशेब बघणारे काका हे तुम्हाला गेली दोन वर्षं सांगताहेत. पण काकांचं ऐकायचं कसं? काका पगारावर आहेत. कानापासून ओठापर्यंत आलेला तो बारीक माइक त्यांच्याकडे नाही, मागे निळा उजेड नाही. "साहेब, उधारी वसूल करा." एवढंच म्हणतात आणि परत वहीत डोकं घालतात. अशा वाक्यावर टाळ्या कुठे वाजवायच्या?

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. तेव्हा कोच नेमा.

नेमताना पहिली काळजी ही घ्या की त्याने स्वतः कोणता धंदा केला, हे विचारायचं नाही. माणूस दुखावतो. अनेकांचा एकमेव चाललेला धंदा म्हणजे धंदा कसा चालवावा हे शिकवण्याचा. पण म्हणून त्याला अनुभव नाही असं कसं म्हणता येईल? गिऱ्हाईक कसं गाठावं, आगाऊ पैसे कसे घ्यावेत, उधारी अजिबात कशी ठेवू नये, हे तीनही विषय त्याला तोंडपाठ आहेत. तुम्हाला नेमके हेच तीन येत नाहीत. फक्त ते तो शिकवत नाही, तुमच्यावर करून दाखवतो. बारीक लक्ष ठेवलंत तर फी तिथेच वसूल आहे.

शिक्षणाचंही विचारू नका. औषध लिहून द्यायला परवाना लागतो, कोर्टात उभं राहायला सनद लागते. बहुतेक देशांत स्वतःला कोच म्हणवून घ्यायला फक्त नावापुढे तसं लिहावं लागतं. आता काही हट्टी लोकांनी 1995 साली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची संस्था काढली आहे. तिचं अगदी पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र हवं तर किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचं प्रत्यक्ष कोचिंग दाखवावं लागतं. मधल्या पायरीला ते कोचिंग 500 तासांवर जातं, वरच्या पायरीला 2500. असले आकडे काढून बसलात तर वातावरण बिघडतं. तुमच्या कोचकडे सर्टिफिकेट आहेच, चांगलं सोनेरी काठाचं. ते कुणी दिलं असं विचारलंत तर खाली सही दिसेल. सही त्याचीच आहे.

पण तुम्हाला कोच हवा की मेंटॉर? हा घोळ आधी घालून घ्या, कारण तो सुटला तर पैसे वाचतात. पुस्तकी व्याख्या अशी: कोच प्रश्न विचारतो, मेंटॉर आपला अनुभव सांगतो, कन्सल्टंट उत्तर काढून देतो. ज्याला उत्तर हवंय त्याने कोच नेमायचा, ज्याला प्रश्न हवेत त्याने कन्सल्टंट नेमायचा, आणि मग दोघांवरही वैतागायचं, असा प्रघात आहे.

'कोच' हा शब्द मूळचा हंगेरीतल्या कोच नावाच्या गावचा. तिथे चांगल्या घोडागाड्या बनत, गावाचं नाव गाडीला चिकटलं. पुढे 1830 च्या सुमाराला ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना 'कोच' म्हणू लागली: आपण नुसतं बसायचं, गाडी नेईल. शब्द तोच राहिला, बसणारा आणि ओढणारा यांनी तेवढी जागा बदलली.

'मेंटॉर'ची कथा याहून बोधप्रद आहे. होमरच्या 'ओडिसी'त राजा ओडिसियस ट्रॉयच्या लढाईला निघतो आणि घर आपल्या मित्रावर, मेंटॉरवर, सोपवून जातो. राजा परततो वीस वर्षांनी. तोवर त्याच्या बायकोशी लग्न करायला टपलेले 108 जण वाड्यात ठाण मांडून त्याची गुरंढोरं फस्त करत असतात. मूळ मेंटॉरच्या देखरेखीची ही कामगिरी! बरं, राजाच्या मुलाला शहाणपणाचा सल्ला देते ती अथीना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. खरा मेंटॉर भर सभेत एकदा उठून गावकऱ्यांना चार खरे शब्द सुनावतो, तर त्यालाच दटावून बसवतात. म्हणजे म्हातारा स्वतः बोलला की खाली बस. तोच चेहरा घेऊन देवी बोलली की मार्गदर्शन. हे वाचताना काकांची आठवण आली तर तो योगायोग समजा आणि पुढे चला.

कोच गाठायचा कसा? गाठावा लागत नाही, तोच गाठतो. तीन दिवसांचं मोफत वेबिनार असतं. पहिल्या दिवशी तुमचं दुःख, दुसऱ्या दिवशी त्याचं दुःख, तिसऱ्या दिवशी त्याची गाडी. अधूनमधून "पटत असेल तर चॅटमध्ये येस लिहा." तुम्ही लिहिता. हजार जण लिहितात. जन्मात पहिल्यांदा इतक्या लोकांशी एकमत झाल्याने उर भरून येतो. मग पडद्यावर कोर्सची फी येते, ती खोडली जाते, तिच्या खाली निम्मी फी येते आणि शेजारी उलटं पळणारं घड्याळ: चौदा मिनिटं, तेरा मिनिटं. मी एकदा ते संपेपर्यंत बघत बसलो. शून्य झालं. पान पुन्हा उघडलं तर घड्याळ परत पंधरा मिनिटांवर. ज्या माणसाला काळ मागे फिरवता येतो, त्याला तुमची अडकलेली बिलं फिरवून आणायला कितीसा वेळ?

त्यानंतर त्याच्या माणसाचा फोन येतो. या फोनला सेल्स कॉल म्हणत नाहीत, 'क्लॅरिटी कॉल' म्हणतात. तो विचारतो, "सर, तुमचा सगळ्यात मोठा अडथळा काय?" तुम्ही म्हणता, पैसा. तो हळुवार हसतो. "पैसा नाही सर, पैशाबद्दलचा माइंडसेट." तुम्ही म्हणता, घरी विचारून सांगतो. "बघा, हेच. निर्णय घेता येत नाही, म्हणून तर धंदा अडकलाय." विचार करून सांगतो म्हणालात तर अतिविचार हा तुमचा आजार. आत्ता जमणार नाही म्हणालात तर 'आत्ता नाही तर कधी?' तुमच्या प्रत्येक 'नाही'चं रोगनिदान त्याच्यासमोरच्या कागदावर तयार असतं. या फोनवर वाद घालू नका. शांतपणे कार्डावरचे आकडे वाचून दाखवा. हप्त्याने भरलेत तर उत्तम. फी फिटेपर्यंत कोचवरची श्रद्धा सुटत नाही, कारण श्रद्धा सुटली तर हप्ते कशासाठी भरतोय, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

करार वगैरे मागू नका. किती बैठका, काय मोजायचं, मध्येच सोडलं तर उरलेल्या पैशांचं काय, हे लेखी मागणं म्हणजे अविश्वास. माल देणाऱ्याशी तुम्ही खिळ्यामोळ्यावरून हुज्जत घालता, ते ठीक आहे. तो व्यवहार आहे. हा 'प्रवास' आहे.

प्रवासाची सुरुवात स्वभावचाचणीने होते. वीस मिनिटं गोल भरा, मग रंगीत आलेख येतो. पुष्कळदा ही चाचणी 'डिस्क' जातीची असते. तिचं मूळ विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाच्या 1928 सालच्या सिद्धांतात आहे. या गृहस्थाचं दुसरं अपत्य म्हणजे 1941 साली आलेली कॉमिकमधली वंडर वुमन, जिच्या दोरात अडकलं की माणूस खरंच बोलतो. आलेखाऐवजी तो दोर मिळाला असता तर थकबाकीदारांवर टाकता आला असता. पण आलेखाला नावं ठेवू नका. त्यात लिहिलेलं असतं: 'तुम्ही लोकांवर पटकन विश्वास टाकता, पण आतून सावध असता. तुमच्यातली बरीच क्षमता अजून वापरली गेलेली नाही.' तुम्ही थक्क होता. इतकं अचूक!

बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकानेही 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची अशीच चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं स्वभाववर्णन दिलं. किती जुळतं, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी 4.26 आली. मग त्याने उलगडा केला: सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला होता. विद्यार्थी होते म्हणून त्यांना खरं सांगितलं. गिऱ्हाइकाला सांगायची पद्धत नाही.

आता प्रत्यक्ष बैठक. समजा मंगळवार आहे, सकाळचे अकरा. समोर स्क्रीनवर कोच, मागे त्याच्या पुस्तकांचं कपाट, पाठीवर एकही सुरकुती नसलेली पुस्तकं. तुमचा फोन टेबलावर थरथरतो, माल देणाऱ्याचा आहे. "फोन उलटा ठेवा," कोच म्हणतो, "आणि डोळे मिटा. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" तुम्हाला येत्या शुक्रवारी पगार कुठून करायचे हेही दिसत नसतं, पण पाच वर्षांनंतरचं मात्र लख्ख दिसतं. काचेची केबिन, झाडाची कुंडी. "छान. तिथे पोचण्यापासून तुम्हाला कोण अडवतंय?" तुम्ही डोळे मिटूनच म्हणता, "गिऱ्हाइकं पैसे देत नाहीत." थोडी शांतता. मग कोच एकदम खोल आवाजात, "की तुम्ही मागत नाही?"

हे ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. काका म्हणत होते ते "उधारी वसूल करा," आणि हा म्हणाला, "की तुम्ही मागत नाही?" फरक प्रश्नचिन्हाचा आहे, पण वर्षभराची फी प्रश्नचिन्हाचीच असते.

यात एक धोका मात्र सांगून ठेवतो. काही कोच खरोखर कामाचे निघतात. ओळखायची खूण अशी की ते पहिल्याच भेटीत स्वप्नं सोडून वर्षभराचं बँक स्टेटमेंट मागतात. कोणाकडे किती दिवसांपासून किती अडकलंय, त्याची यादी मागतात. मला एकदा असा एक भेटला होता. त्याने यादीवर पेन फिरवलं, तीन नावांखाली रेघ मारली आणि म्हणाला, "यांना माल बंद. बाकी पुढच्या महिन्यात बोलू." अर्धा तास. ना माइंडसेट, ना मिठी. हे लोक कधीही सोडून जायची मोकळीक देतात, त्यांना सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांचेही नंबर देतात, आणि प्रसंगी "तुम्हाला माझी नाही, वकिलाची गरज आहे" असं सांगून आपलंच गिऱ्हाईक घालवतात. अशांच्या नादी लागलात तर समाधान म्हणून मिळत नाही. अमेरिकेत तर स्कोर नावाची संस्था 1964 पासून हा उद्योग करते: धंद्यात मुरलेली माणसं, त्यात पुष्कळशी निवृत्त, छोट्या धंदेवाल्यांना मेंटॉर म्हणून बसतात, तेही फुकट. फुकट! पैसे मोजल्याशिवाय कमिटमेंट येत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

निकालाची काळजी करू नका, तो आधीच ठरलेला आहे. धंदा सुधारला तर पद्धत अचूक. नाही सुधारला तर तुम्ही 'इम्प्लिमेंट' केलं नाही. मधली अवस्था असेल तर पुढच्या बॅचला या, तिचं नाव प्लॅटिनम. टेस्टिमोनियलचा व्हिडिओ दुसऱ्याच आठवड्यात मागतील, उत्साह ताजा असतानाच. द्या. निकाल लागल्यावर देतो असं म्हणणं हा नकारात्मक विचार.

तिसऱ्या महिन्यात तुम्हाला व्हिजन बोर्ड बनवायला सांगतात. जाड पुठ्ठा, त्यावर मासिकातून कापलेली काचेची केबिन, कुंडी, डोंगरावर हात पसरून उभा राहिलेला कुणी परका माणूस. हे नजरेसमोर लागतं. नजरेसमोरच्या भिंतीवर खिळा एकच आहे आणि त्याला काकांनी थकबाकीची यादी अडकवलेली. तुम्ही तिच्यावरच बोर्ड टांगता. यादी एकदाची दिसेनाशी होते, आणि खोलीत खरंच प्रसन्न वाटायला लागतं. कोच म्हणाला होता तसंच.

काका काही बोलत नाहीत. रोज दुपारी तुम्ही बैठकीत डोळे मिटून असता तेव्हा ते उठतात, चष्मा कपाळावर सरकवतात, डाव्या हाताने डोंगरावरचा माणूस कोपऱ्यातून वर उचलतात, खालचा एक नंबर वाचतात आणि बाहेर जाऊन फोन लावतात. "नमस्कार, ते मागचं बिल..." महिन्याभरात दोन जुनी येणी येतात. मग तिसरं. पगार वेळेवर होतात.

आता मात्र टेस्टिमोनियल नव्याने द्यायलाच हवं, पहिल्यात आवाज नीट आला नव्हता. बोर्डासमोर उभे राहा. कॉलर नीट करा. कोचचं नाव पहिल्या वाक्यात घ्या, आणि थोडं मागे सरका म्हणजे डोंगर दिसेल.

"काका, जरा फोन आडवा धरा. हात हलवू नका."