खानापूरची माती, हाडांची राख : एका प्रतिक्रियेला उत्तर

खानापूरकर, तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बोन चायनावरच्या (हाडांची राख घालून भाजलेल्या पांढऱ्या, पातळ चिनी मातीवरच्या) माझ्या आधीच्या लेखात मी बेळगावकडच्या आपल्या खानापूरच्या मातीला कमी लेखलं, तिच्यात निम्मी हाडांची राख घालून कौलांच्या भट्टीत भाजली तरी बोन चायना व्हायला हवं, राख करडी असली तरी तो रंग ‘भट्टीत आपोआप जातो’, आणि शेवटी कपात हाड उरतच नाही, तर चिकोडी-निपाणीकडच्या जैन-लिंगायत घरांनी बाऊ का करावा?

आधी माझी चूक. ‘हाडं 1000 अंशांवर भाजा’ एवढंच मी लिहिलं होतं. किती वेळ आणि हवा किती, हे राहूनच गेलं, आणि राखेचा सगळा खेळ तिथंच आहे. सुक्या हाडात वजनानं साधारण दोन-तृतीयांश खनिज, उरलेलं मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. तापवत नेलं की 300-400 अंशांना हाड कोळशासारखं काळं होतं, 500-600 ला करडं आणि 700-800 च्या पुढं, हवा मिळाली तरच, पांढरं. जळालेल्या हाडांवरून आग किती तापली होती याचा अंदाज बांधणारे न्यायवैद्यक तज्ज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ हाच रंगक्रम बघतात. करडी राख म्हणजे आत अजून कार्बन आहे. तो आपोआप जात नाही. भांड्याचा पृष्ठभाग काचेनं बंद होऊ लागला की उरलेल्या कार्बनचा वायू आत अडकतो आणि कपाला फोड येतात. म्हणून हाडं उकळून चरबी आणि सरस काढायचा, अंगठ्याएवढे तुकडे करायचे, पातळ थरात पसरायचे आणि 1000 अंशांना दोन-तीन तास ठेवायचे. मग सगळ्यात जाड तुकडा फोडून गाभा बघायचा. करडा दिसला की परत भट्टीत.

आता माती. लाल रंग म्हणजे लोह. कौलाला, विटेला, माठाला ते चालतं, किंबहुना शोभतं. बोन चायनात मात्र एक टक्का लोहसुद्धा जड जातं, भांडं पिवळट-तपकिरी होतं. यात कमीपणा कसला? इंग्लंडमधल्या ज्या स्टोक गावात जोसाया स्पोड या कुंभारकाम-व्यावसायिकानं 1790च्या दशकात हा माल रूढ केला, तिथली स्वतःची मातीही लालच. पांढरी चायना क्ले कॉर्नवॉलहून जहाजानं नि कालव्यानं आणावी लागे. आपल्याला ती केरळातून किंवा गुजरातेतून आणावी लागेल, एवढंच.

एक किलो कोरड्या मिश्रणाचं रूढ प्रमाण : 500 ग्रॅम राख, 250 ग्रॅम चायना क्ले, 250 ग्रॅम कॉर्निश स्टोन (कॉर्नवॉलचा फेल्स्पार असलेला दगड). शेवटच्याच्या जागी आपल्याकडे पोटॅश फेल्स्पार (भट्टीत वितळून काच करणारं खनिज) आणि थोडं क्वार्ट्झ घालतात. राख पाण्यात दळून 200 मेशच्या (अगदी बारीक) चाळणीतून काढायची, बसू द्यायची, वरचं पाणी दोन-तीनदा फेकायचं. हे धुणं टाळलं की राखेतले विरघळणारे क्षार घोळात (पाण्यात कालवलेल्या मिश्रणात) उतरतात आणि रात्री पातळ असलेला घोळ सकाळी दह्यासारखा घट्ट बसतो. राखेला चिकटपणा शून्य, त्यामुळे चाकावर हा गारा दाद देत नाही. प्लास्टरच्या साच्यात ओतकामच करावं.

कौलांच्या भट्टीचं म्हणाल तर 1000 अंशांच्या आसपास हे मिश्रण खडूसारखं कच्चं राहतं. हाडाची राख एकटी लवकर वितळणारी नाही. काच तयार होते ती फेल्स्पारमुळे, आणि त्याला 1220-1250 अंश लागतात. लाल माती तिथवर नेलीत तर ती फुगेल नाहीतर बसेल. शुद्ध मिश्रणालाही पंधरा-वीस अंशांचीच सूट असते. कमी पडलं तर सच्छिद्र, जास्त झालं तर कप कलंडतो, म्हणून अॅल्युमिनाच्या (न वितळणाऱ्या पांढऱ्या पुडीच्या) आधारावर ठेवून भाजतात. भट्टीत हवा खेळती हवी. धूर कोंडला तर निळसर-हिरवट झाक येते. पहिली भाजणी अशी तेज आणि झिलईची 1080 च्या आसपास, म्हणजे पोर्सेलिनच्या उलट. पहिल्या भाजणीतच भांडं पाणी पिणं सोडतं, म्हणून झिलई घसरते. भांडं गरम करून आणि झिलई दाट ठेवून लावायची.

‘हाड उरतच नाही’ हे मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. राखेतल्या हायड्रॉक्सीअॅपेटाइटमध्ये, म्हणजे हाडाच्या मूळ कॅल्शियम-फॉस्फेट खनिजात, दर घटकामागे कॅल्शियमचे दहा अणू असतात. त्यातल्या नवांचं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट होतं आणि दहावा मातीशी जुळून अॅनॉर्थाइट हा फेल्स्पार बनतो. या दोन्हींचे आणि भोवतीच्या काचेचे अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) जवळजवळ असल्यानं प्रकाश फारसा विखुरत नाही, म्हणून कपाआडून बोटांची सावली दिसते. गंमत म्हणजे हाडाची पोकळी भरायला दंतवैद्य वापरतात त्या कणांतही हेच ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं.

पण म्हणून टाळणाऱ्यांचं चुकतं असं होत नाही. त्यांचा प्रश्न कपात काय उरलं हा नसून राख कुठून आली हा आहे. तिथं पर्याय आहे. 500 ग्रॅम राखेच्या जागी 463 ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि 50 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घ्यायचं. हा कार्बोनेट म्हणजे तो दहावा कॅल्शियम. तो विसरलात तर अॅनॉर्थाइट पुरेसं होत नाही. एक खाच आहे : बाजारात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट म्हणून मिळणारी पूड बऱ्याचदा मुळात हायड्रॉक्सीअॅपेटाइटच असते. तशी असेल तर कार्बोनेट घालू नका. पुरवठादाराकडून कॅल्शियम-फॉस्फरसचं मोलर (अणूंच्या संख्येचं) गुणोत्तर मागा. 1.5 आलं तर घाला, 1.67 आलं तर नको.

तयार कपावर मात्र हे ओळखता येत नाही. तुकड्याची पूड नायट्रिक आम्लात विरघळवून अमोनियम मॉलिब्डेट घातलं आणि कोमट केलं की पिवळा साका येतो, पण तो फॉस्फेट आहे एवढंच सांगतो, बैलाचं की कारखान्यातलं ते नाही. तुम्ही सुचवलेली डीएनए तपासणीही निरुपयोगी आहे, 1000 अंशांनंतर तपासायला काही शिल्लकच नसतं. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात विचारायचं झालं तर राख कशाची हे उत्पादकाकडून लेखी मागवायला सांगा. पेटीवर ‘फाइन चायना’ लिहिलंय म्हणून त्यात हाड नाही असं धरून चालू नका.