‘एडिट झालं की रॉ उडवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्याकडच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. वर मथळा ‘सीझनआधी हार्डडिस्क मोकळी करा’ आणि खाली चार मुद्दे. एडिट झालं की रॉ (कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल) उडवा, फोटो लाइटरूमच्या (अडोबीचं फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, लाइटरूम क्लासिक) कॅटलॉगमध्ये सेव्ह असतो. व्हर्च्युअल कॉप्या करू नका, डिस्क भरते. जेपेग (फोटोची दाबून लहान केलेली फाइल) कितीही वेळा सेव्ह करा, काही बिघडत नाही. गूगल फोटोजवर टाकलं की बॅकअप झाला. सोबत पुरावा म्हणून स्क्रीनशॉट: फोल्डर रिकामं, तरी लाइटरूममध्ये फोटो दिसतोय.

मी तो वाचून सोडून दिला होता. पण दारव्ह्याकडे माझ्या भाच्याचा छोटा स्टुडिओ आहे आणि त्याने तो खरा मानला. मागच्या आठवड्यात रात्री त्याचा फोन आला, “मामाजी, फोटो दिसून राहिला, पण एक्सपोर्टच होऊन नाही राहिला.”

त्याने मे महिन्यात केलेल्या लग्नातल्या नवरीची आजी वारली. तेरवीला ठेवायला फोटो हवा. हळदीच्या एका फोटोत आजी लुगड्यात, नातीकडे पाहत हसत पूर्ण आली होती. पण अल्बमसाठी भाच्याने तो नवरीपुरता क्रॉप केला होता. आजीचा खांदा आणि बांगड्या तेवढ्या उरल्या. एक्सपोर्ट केलेल्या, म्हणजे एडिट करून बाहेर काढलेल्या जेपेगमध्येही तेच. पूर्ण आजी फक्त रॉमध्ये होती, आणि रॉ त्याने हा मेसेज वाचून उडवले होते. कॅमेऱ्याचं कार्ड तर जूनमध्येच फॉरमॅट झालं होतं.

म्हणून पहिल्या मुद्द्यावर नीट बोलतो. लाइटरूम तुमचा फोटो स्वतःच्या पोटात घेत नाही. मूळ फाइल डिस्कवर जिथे आहे तिथेच राहते. कॅटलॉगमध्ये असतो तिचा पत्ता आणि तुम्ही केलेल्या बदलांची यादी: इतकं क्रॉप केलं, इतका उजेड वाढवला. एक्सपोर्ट म्हटलं की ते मूळ फाइल उघडतं आणि ती यादी तिच्यावर चालवतं. मूळच नसेल तर यादी कशावर चालवणार? स्क्रीनशॉटमध्ये दिसतो तो प्रिव्ह्यू आहे, आधी बनवून ठेवलेलं चित्र. जरा मोठं करून बघा, त्याच फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह आहे. ‘मूळ फाइल सापडत नाही’ असा त्याचा अर्थ. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्याच पुराव्यातली खूण वाचली नाही आणि शेकडो पोरांना रॉ उडवायला सांगितलं!

माझ्यावर विश्वास ठेवू नका. कॅटलॉगचा बॅकअप घेताना जी चौकट उघडते ती वाचा. त्यात अडोबीनेच लिहून ठेवलंय की बॅकअप फक्त कॅटलॉगचा होतो, फोटोंचा नाही. सॉफ्टवेअर ज्यांनी बनवलं तेच हे सांगतात.

थोडं खरं आहे, तेही सांगतो. स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे लाइटरूमने बनवलेल्या मूळ फोटोच्या छोट्या नकला, बनवून ठेवले असतील तर मूळ नसतानाही एक्सपोर्ट होतं आणि क्रॉपच्या बाहेरचा भागही मिळतो. पण त्याची लांब बाजू जास्तीत जास्त २५६० पिक्सेल. १२ बाय १८ ची फ्रेम ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायची तर ५४०० लागतात. आणि भाच्याने स्मार्ट प्रिव्ह्यू बनवलेच नव्हते. आपल्यातले किती जण बनवतात?

मॅकवर लाइटरूमसारखंच अ‍ॅपलचं अ‍ॅपर्चर होतं, २००५ साली आलेलं. त्यात मूळ फाइलला मास्टर आणि एडिटला व्हर्जन म्हणत. मास्टर लायब्ररीच्या आत ठेवायची सोय होती, त्यामुळे बाहेरचं फोल्डर उडवलं तरी चालायचं. हा समज तिथून आला असू शकतो. पण तिथेही मास्टर आत शाबूत असायचा, आणि २०१५ मध्ये ते विकणंच बंद झालं.

व्हर्च्युअल कॉपीचा मुद्दा उलटा आहे. ती फाइलची नक्कल नसते, कॅटलॉगमधली आणखी एक यादी असते. एकाच रॉच्या रंगीत, काळ्या-पांढऱ्या आणि अल्बमसाठीच्या क्रॉप अशा तीन आवृत्त्या केल्या तरी डिस्कवर रॉ एकच. भाच्याने अल्बमचा क्रॉप असा वेगळा ठेवला असता तर निदान पूर्ण फ्रेमचा प्रिव्ह्यू तरी हाती राहिला असता.

जेपेग नुसतं उघडलं किंवा कॉपी केलं तर खरंच काही होत नाही. बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी ते नव्याने दाबलं जातं आणि बारकावे जातात. गूगल फोटोजची जागा वाचवणारी सेटिंग १६ मेगापिक्सेलच्या वरचा फोटो १६ वर आणते, आणि १ जून २०२१ पासून ती अमर्याद फुकटही नाही. त्याला मूळचा बॅकअप म्हणता येत नाही.

जागेची अडचण मला कळते. दोन हजार रॉ, प्रत्येकी २५ एमबी धरले तर एका लग्नाचे ५० जीबी होतात. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर साधारण वीस लग्नं. दुसरी डिस्क घ्या, तिचा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात धरा. उडवायचेच असतील तर डोळे मिटलेले, हललेले फोटो उडवा.

आणि ज्यांनी मेसेज वाचून रॉ आधीच उडवले त्यांनी आज, आत्ता त्या डिस्कवर नवीन काही टाकणं थांबवा. साध्या हार्डडिस्कवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत डिलीट झालेला डेटा बरेचदा रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळतो. एसएसडीवर (चिपवाल्या डिस्कवर) ती आशा फार कमी. भाच्याने त्याच डिस्कवर दुसऱ्या लग्नाची दोन कार्डं उतरवली होती. आता तो हळदीला आलेल्या बायांच्या घरोघरी जाऊन मोबाइलमधले फोटो पाहतोय. तेरवी रविवारी आहे.