वर्तुळाचा अहवाल कसा बसवावा

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: कचऱ्याच्या प्रकल्पासाठी वजनकाटा घेऊ नका. प्रकल्पाच्या बजेटात एखाद्या उत्साही पोराने 'इलेक्ट्रॉनिक काटा, 1 नग' अशी ओळ घातली असेल तर ती खोडा आणि तिथे 'डॅशबोर्ड' लिहा, म्हणजे आकड्यांचे रंगीत आलेख दाखवणारा पडदा. काटा घरात आला की रोज काहीतरी बोलतो आणि त्याला गप्प बसवायची सोय नसते. डॅशबोर्ड समजूतदार. त्याला जे सांगाल, तेच तो रंगीत करून सांगतो.

तुम्हाला चक्राकार अर्थव्यवस्थेच्या प्रकल्पाची देखरेख आणि मूल्यमापन करायचं काम मिळालंय, त्याबद्दल अभिनंदन. गेली काही वर्षं मीही हाच धंदा करतो, म्हणून चार गोष्टी हक्काने सांगतो. मूळ कल्पना फार अवघड नाही. वस्तू वापरायची, बिघडली तर दुरुस्त करायची, अगदीच गेली तर तिचा माल सोडवून पुन्हा कारखान्यात धाडायचा. माझ्या आजीने लुगड्याची गोधडी केली, गोधडी विरल्यावर तिचं पायपुसणं केलं. पण तिने बेसलाइन, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीची मोजणी, घेतली नव्हती, त्यामुळे तिच्या कामाची कुठे नोंद नाही. तुम्ही ती चूक करू नका.

बेसलाइनचा विषय निघालाच आहे तर मुहूर्ताचं बघून घेऊ. डोनर, म्हणजे पैसे देणारा, हट्टाला पेटला आणि काटा घ्यावाच लागला, तर बेसलाइन जूनच्या अखेरीस घ्या. आंबे संपत आलेले असतात, बादलीत कोयी आणि फणसाची चारखंडं असतात आणि या सगळ्यावर पाऊस पडलेला असतो. कचरा असा जड लागतो की दोन माणसांना डबा उचलवत नाही. एंडलाइन, म्हणजे शेवटची मोजणी, मार्चमध्ये घ्या. तोच डबा, तीच घरं, पण भाजीची देठंसुद्धा सुकून कडकडीत झालेली. मधल्या नऊ महिन्यांत तुम्ही पंख्याखाली बसून राहिलात तरी घट दिसते. ऋतू हा आपल्या क्षेत्रातला सर्वात कार्यक्षम भागीदार आहे. त्याचं मानधन नाही आणि आभारप्रदर्शनात नाव घेतलं नाही तरी तो रुसत नाही.

मग इंडिकेटर, म्हणजे यश कशावरून मोजायचं ती मापं, निवडायचे. 'किती किलो माल पुन्हा वापरात आला' हा इंडिकेटर दिसायला साधा असतो, पण त्याच्या नादी लागू नका. त्याऐवजी 'किती नागरिकांमध्ये जाणीव निर्माण झाली' हा घ्या. जाणीव किलोत मोजत नाहीत, हजेरीपटावर मोजतात. सभागृहात दुपारी तीनला कार्यशाळा ठेवा, वडापाव आणि चहा सव्वाचारला ठेवा आणि सह्यांचा कागद वडापावच्या टेबलावर ठेवा. मी एकदा तो दाराशी ठेवला होता. एकशे दहा माणसांच्या सदतीस सह्या आल्या. पुढच्या वेळी जागा बदलली, तेव्हा चाळीस माणसांच्या बावन्न झाल्या. (ते वडापाव थर्माकोलच्या ताटल्यांतून दिले होते. त्याबद्दलचा इंडिकेटर लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि मापं लिहिलेल्या तक्त्यात, नसल्यामुळे अडचण आली नाही.)

एवढं करूनही कोणी किलोच मागितले, तर मोजायचं कुठे हे आपल्या हातात असतं. नियम सोपा आहे: दारात मोजा, मागच्या दाराला जाऊ नका. गोळा झाला तो सगळा माल 'पुनर्चक्रित' धरा. नंतर वर्गवारीच्या शेडमध्ये त्यातला ओला, तेलकट, भाजीने बरबटलेला माल बाजूला पडून डंपरमध्ये चढतो, त्या वेळी आपण फील्डवरून निघालेलो असतो. यात कमीपणा वाटून घेऊ नका. युरोपीय संघाने 2011 च्या एका निर्णयात सदस्य देशांना शहरी कचऱ्याच्या पुनर्चक्रणाचा दर काढायच्या चार वेगवेगळ्या पद्धती दिल्या होत्या, आवडेल ती घ्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा एवढी निवड नसते. पुढे 2018 मध्ये त्यांना दुर्बुद्धी सुचली आणि माल प्रत्यक्ष पुनर्चक्रणाच्या प्रक्रियेत शिरतो तिथेच मोजायचा, असा कायदा झाला. आपल्याकडे तो अजून कोणी मागत नाही, तोवर हात मारून घ्या.

वर्तुळ पूर्ण झालं का, असा प्रश्न एखादा खडूस माणूस हमखास विचारतो. त्याला पाण्याच्या बाटलीपासून झालेला टी-शर्ट दाखवा. बाटलीचा चुरा होतो, चुऱ्यातून पॉलिस्टरचा धागा निघतो, धाग्याचा टी-शर्ट होतो, टी-शर्टवर आपला लोगो येतो. टी-शर्ट फाटल्यावर त्याची पुन्हा बाटली होत नाही. तो गाडी पुसायला जातो आणि तिथून कचऱ्यात. म्हणजे ती सरळ रेषाच आहे, मध्ये एक थांबा वाढलाय इतकंच. पण तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा आणि टी-शर्ट फाटायला चार लागतात. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांचं त्याहून बरं आहे. त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सोडवायचा खर्च मालाच्या किमतीला परवडत नाही. त्यामुळे त्या बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्याला जाळणं म्हणू नका. 'सहप्रक्रिया' म्हणा. होळीलाही म्हणायला हरकत नाही.

आता यंत्राबद्दल बोलू, कारण प्रत्येक प्रकल्पात एक यंत्र असतंच. सध्या चोवीस तासांत खत करणाऱ्या विजेच्या यंत्रांना बरी मागणी आहे. चांगलं खत व्हायला आठवडे लागतात, जिवाणूंना घाई करता येत नाही. मग एका दिवसात यंत्र काय करतं? ते कचरा तापवतं आणि ढवळतं. ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते उडून जातं आणि तळाशी तपकिरी भुसा उरतो. शंभर किलो आत घातले आणि तीस बाहेर आले, तर सत्तर किलो पाणीच उडालं असं कोण लिहितो? 'कचऱ्यात 70 टक्के घट' असं लिहा. विजेचं मीटर कुठे आहे ते विचारू नका. तो भुसा कुंडीत घालून वर पाणी टाकल्यावर दुसऱ्या दिवशी वास सुटतो. तोवर फोटो काढून झालेले असावेत.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे असं वाटतं, पण जरा जपा. 2021 च्या दुरुस्त नियमांप्रमाणे, ज्या कंपनीवर सरासरी 10 कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर, म्हणजे समाजकार्यावरच्या, खर्चाचं बंधन आहे, तिने 1 कोटी आणि त्यापुढच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं असतं. तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान 1 वर्ष उलटल्यावर. ही वर्षाची अट कोणी घातली माहीत नाही, पण त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये कधी डोकावलेलं नसावं किंवा फारच जवळून डोकावलेलं असावं.

मी डोकावलो. एका प्रकल्पात आठ सोसायट्यांना यंत्रं दिली होती. तिसऱ्या सोसायटीत गेलो तेव्हा यंत्रावर निळी ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर वॉचमनकाकांचा गणवेश वाळत होता. चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी मुलाकडे टेक्सासला. काकांनी पाना आणून झाकण उघडलं. आत गणपतीच्या लायटिंगच्या माळा होत्या, नीट गुंडाळून रबर लावून ठेवलेल्या, तीन स्टंप होते आणि 'सुका कचरा' असं लिहिलेली एक पाटी होती. पहिल्या महिन्याचं कॉमन मीटरचं बिल आलं, मीटिंगमध्ये भांडण झालं आणि त्यानंतर यंत्र बंद, असं काकांनी सांगितलं. "पण उंदीर लागत नाहीत यात," ते म्हणाले, "माळा गेल्या वर्षी कुरतडल्या होत्या."

अशा वेळी नवखा मूल्यमापक घाबरतो. तुम्ही घाबरू नका. मी लिहिलं: 'यंत्र सुस्थितीत आढळले. रहिवाशांनी त्याचा बहुउद्देशीय वापर सुरू केला असून मालकीची भावना दिसून येते.' यातला एकही शब्द खोटा नाही. वस्तूला नवा उपयोग शोधणं हे तर चक्राकार अर्थव्यवस्थेचं मूळ तत्त्व. फोटो ताडपत्री काढून, बाजूला तुळस ठेवून घेतला. तुळस दुसऱ्या मजल्यावरून आणली होती, ती परत नेऊन दिली. त्या दिवशी त्या आवारात तेवढी एकच वस्तू जिथून आली तिथे परत गेली.

एवढी धावपळ नको असेल तर थेट प्रमाणपत्रं घ्या. 2022 पासून प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांवर तितकं प्लास्टिक पुन्हा मार्गी लावायची जबाबदारी आहे. ती पार पाडल्याचा पुरावा म्हणजे पुनर्चक्रण करणाऱ्यांनी पोर्टलवर तयार केलेली प्रमाणपत्रं. माल हलवायचा तर ट्रक, डिझेल, हमाल आणि टोल आला. प्रमाणपत्र हलवायला माउस पुरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2023 मध्ये तपासणी केली तेव्हा सुमारे 6 लाख प्रमाणपत्रं खोटी निघाली. लोक याला घोटाळा म्हणाले. मला विचाराल तर कचऱ्याशिवाय झालेलं हे पहिलंच पुनर्चक्रण होतं. शून्य कचरा म्हणतात तो हाच.

महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीतली दुधाच्या पिशवीची तरतूद आठवते का? रिकामी पिशवी परत द्या आणि किमान 50 पैसे घ्या. कल्पना इतकी सुरेख की मी आमच्या ओट्याखाली धुऊन, उलट्या करून, चिमट्याला लावून पिशव्या जमवल्या. घरातल्यांनाही शिस्त लावली: कोपरा पूर्ण कापायचा नाही, अर्धवट कापून लोंबता ठेवायचा, नाहीतर तो तिकोनी तुकडा गटारात जातो. आजवर मला एकदाही ते 50 पैसे कोणी दिलेले नाहीत. आता ते नाणंही कोणी घेत नाही. पिशव्या मात्र वाया जात नाहीत. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी त्या वेगळ्या घेतात, कारण दूध पिशवीला भंगारात वेगळा भाव आहे.

या मावशींना तुम्ही अहवालात 'लाभार्थी' लिहाल, आणि लिहाच. पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे. तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, म्हणजे मालाची वर्गवारी नावातच झालेली. 2008 पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत हे लोक दारोदार कचरा गोळा करतात. आपला सल्लागार 'प्लास्टिक' असा एकच रकाना करतो. मावशी हात लावून, चुरगळून, कधी नुसत्या आवाजावरून सांगतात: ही बिसलेरी (कुठल्याही कंपनीची असो), हे कडक, ही दूध पिशवी, हे चालत नाही. तुम्ही मात्र त्यांना पाच पर्यायांचा प्रश्न विचारा: 'प्रकल्पामुळे तुमच्या सक्षमीकरणात कितपत वाढ झाली?' मी विचारला होता. मावशींनी हातातलं पोतं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, शेडला छत घालून द्या. पुठ्ठा भिजला की भाव निम्मा होतो." फॉर्ममध्ये छताचा पर्याय नव्हता. मी 'काही प्रमाणात सहमत' वर खूण केली.

डोनर शेवटी विचारतील की एवढं करून जग कुठे पोचलं. त्यासाठी 'सर्क्युलॅरिटी गॅप' नावाचा जागतिक अहवाल आहे. जग वापरतं त्या सामग्रीत पुनर्वापरातून आलेला वाटा 2018 च्या आवृत्तीत 9.1 टक्के होता, 2023 च्या आवृत्तीत 7.2 टक्के. त्याच पाच वर्षांत या विषयावरची चर्चा आणि लेखन जवळपास तिप्पट झालं, असंही त्यांनीच नोंदवलंय. तुमच्या सादरीकरणात फक्त दुसरा आलेख घ्या. तो वर जातो.

माझा शेवटचा अहवाल दोनशे बारा पानांचा झाला. आर्ट पेपर, चार रंग, मुखपृष्ठावर हिरव्या बाणांचं वर्तुळ. सात प्रती छापल्या, त्यातल्या चार परत माझ्याकडेच आल्या. गेल्या रविवारी रद्दीबरोबर त्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेल्या. त्याच्या दुकानात काटा आहे आणि काट्याशेजारी दोरीला बांधलेली वही. वहीत तारीख, माल, वजन, पैसे असे चार रकाने. डॅशबोर्ड नाही. महिनाभरात आमच्या वस्तीतून किती पुठ्ठा गेला, किती बाटली, किती पत्रा, सगळं त्यात होतं. प्रकल्पाच्या तीन वर्षांत ती वही बघायला आमच्यापैकी कोणी आलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्याने एक प्रत उचलली, मुखपृष्ठावर नख ओढून बघितलं.

"साहेब, हे लॅमिनेशन आहे. कव्हर चालणार नाही. आणि स्पायरल काढून आणा."

मी तिथेच बाकावर बसून चारही प्रतींची हिरवी वर्तुळं फाडली. त्याने उरलेलं काट्यावर टाकलं, वहीत आकडा लिहिला आणि कव्हरं माझ्या पिशवीत परत घातली.