मियाझाकींच्या नावावर ओव्हरटाइम खपवू नका

माझा भाचा एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत ज्युनियर आर्टिस्ट आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या टीमच्या ग्रुपवर शनिवार-रविवारीही कामाला यायचं फर्मान आलं. ओव्हरटाइमच्या पैशांचा उल्लेख नव्हता. त्याखाली लगेच जपानचे नामवंत अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक हयाओ मियाझाकी यांच्यावरची एक पोस्ट टाकलेली होती. ‘हयाओ मियाझाकींनी चार सेकंदांच्या दृश्यासाठी एकट्याने सव्वा वर्ष चित्रं काढली. पगार, सुट्टी, कामाचे तास यांबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. संगणकाला त्यांनी हात लावला नाही. एआय चित्रांना ते जीवनाचा अपमान म्हणाले. ऐंशी ओलांडल्यावरही ते डेडलाइन पाळतात. आणि तुम्ही तक्रारी करता?’

ही पोस्ट मी याआधी नातेवाइकांच्या ग्रुपवर पाहिली होती, लिंक्डइनवरही पाहिली होती आणि सोडून दिली होती. पण आता तेवीस वर्षांचा मुलगा मला विचारतो आहे, ‘मामा, मीच कमी पडतोय का?’ म्हणून हे लिहितो आहे.

चार सेकंदांचं आधी. दृश्य खरं आहे, वेळही खरा आहे. ‘द विंड राइजेस’ या 2013 च्या चित्रपटात भूकंपाच्या प्रसंगात माणसांची प्रचंड गर्दी दिसते, ते हे दृश्य. मात्र ते काढलं एइजी यामामोरी या अ‍ॅनिमेटरने. मियाझाकींबरोबर दहा वर्षं कॅमेरा घेऊन फिरलेल्या एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या माहितीपटात हा प्रसंग आहे आणि काम पूर्ण झाल्यावर मियाझाकी त्यांना शाबासकी देतात तेही आहे. पोस्टने त्या माणसाचं नावच पुसून टाकलं. सव्वा वर्ष एका शॉटवर बसलेल्या कलाकाराचं श्रेय दिग्दर्शकाला द्यायचं आणि तीच पोस्ट दुसऱ्या कलाकारांना कष्टाचे धडे द्यायला वापरायची, याचा मला खरंच संताप येतो.

शिवाय एका माणसाला चार सेकंदांसाठी सव्वा वर्ष मिळतं तेव्हा त्याचा खर्च कोणीतरी उचललेला असतो. तो कोणी आणि का उचलला, हा प्रश्न पोस्टला पडत नाही.

आता पगाराचा मुद्दा. हे धादांत खोटं आहे, आणि सगळ्यांत जास्त नुकसानही यानेच होतं. मियाझाकी राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकून 1963 मध्ये तोएई डोगा या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत लागले. काम इनबिट्वीनचं, म्हणजे दुसऱ्याच्या दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरायचं. सुरुवातीचा पगार 19,500 येन. वर्षभरातच तिथे कामगारांचा वाद पेटला, त्यात हा नवखा पोरगा पुढे होता आणि 1964 मध्ये तो युनियनचा सरचिटणीस झाला. उपाध्यक्ष होते इसाओ ताकाहाता. पुढची पन्नास वर्षं ज्या जोडीने जपानी अ‍ॅनिमेशन बदललं, ती अशी युनियनच्या कामात जुळली. पगार आणि कामाच्या अटी यांवर व्यवस्थापनाशी भांडणं हेच सरचिटणिसाचं काम असतं. ‘एक शब्द बोलले नाहीत’ म्हणणाऱ्याने त्यांचं कुठलंही चरित्र उघडून पाहावं.

ताकाहातांचा पहिला चित्रपट, होरुसची गोष्ट, याच मंडळींनी केला. काम 1965 मध्ये सुरू झालं, चित्रपट आला 1968 मध्ये. कंपनीने दिलेली मुदत आणि बजेट दोन्ही मागे पडलं, कारण त्यांना हवा तसाच चित्रपट करायचा होता. थिएटरात तो दहा दिवस टिकला आणि ताकाहातांना तोएईत पुन्हा चित्रपट मिळाला नाही. 1971 मध्ये दोघेही बाहेर पडले.

मियाझाकी हे कधीच विसरले नाहीत. 1989 मध्ये जपानी कॉमिक्स आणि अ‍ॅनिमेशनमधलं मोठं नाव, ओसामु तेझुका गेले. सगळा देश त्यांना देव म्हणत असताना मियाझाकींनी लिहिलं, की 1963 मध्ये आपली अ‍ॅनिमेशन मालिका टीव्हीला फार स्वस्तात विकून तेझुकांनी या धंद्यातल्या दरांची वाट लावली. ते बरोबर होते की अन्याय करत होते, यावर आजही वाद चालतो. पण हा माणूस पैशांचा विषय टाळत नव्हता एवढं त्यातून स्पष्ट होतं.

त्याच वर्षी त्यांनी केलेली गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या चित्रपटापर्यंत घिबलीची, म्हणजे मियाझाकी-ताकाहातांच्या स्टुडिओची, पद्धत इतर स्टुडिओंसारखीच होती. चित्रपटापुरती सत्तरेक माणसं जमवायची, नगावर पैसे द्यायचे, चित्रपट संपला की सगळे आपापल्या वाटेने. 1989 मध्ये मियाझाकींच्या आग्रहावरून घिबलीने कलाकारांना कायम नोकरीवर घेतलं, मासिक पगार सुरू केला, तो दुप्पट करायचं ठरवलं आणि दरवर्षी नवी मुलं घेऊन त्यांना शिकवायचा पायंडा पाडला. घिबलीच्या स्वतःच्या इतिहासात हे नोंदवलेलं आहे. अ‍ॅनिमेशनच्या खर्चात मजुरीचाच वाटा सर्वाधिक असतो, त्यामुळे चित्रपट महाग होणार हे त्यांना कळत होतं, तरी केलं. पुढे 2008 मध्ये कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघरही काढलं. चार सेकंदांना सव्वा वर्ष देण्याइतकी सवड अशा पायावर मिळते. फुकटच्या रविवारांवर ती मिळत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मियाझाकींच्या हाताखाली काम करणं सोपं कधीच नव्हतं. ते स्वतः रात्रंदिवस खपायचे आणि इतरांचीही चित्रं पुन्हा काढायला लावायचे. ज्यांच्याकडे घिबलीचं भविष्य म्हणून पाहिलं जात होतं ते योशिफुमी कोंदो 1998 मध्ये 47 व्या वर्षी गेले, आणि त्याचं कारण कामाचा अतिताण मानलं जातं. म्हणजे घिबलीत माणसं पिळली जात नव्हती असं मी म्हणणार नाही. पण भाच्याच्या ग्रुपवर हा मृत्यू कोणी सांगितला नाही.

संगणकाचं थोडक्यात. ते स्वतः कागद-पेन्सिलवरच काम करतात, खरं आहे. पण 1997 च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’त काही भाग संगणकावर केलेला आहे, 2001 च्या ‘स्पिरिटेड अवे’चं रंगकाम संगणकावरचंच, आणि सुरवंटावरच्या छोट्या चित्रपटासाठी त्यांनी सीजी, म्हणजे संगणकावरचं अ‍ॅनिमेशनही करून पाहिलं.

एआयबद्दलचे ते शब्द 2016 चे आहेत. एआयने हालचाल शिकवलेली, डोक्याच्या आधाराने सरपटणारी एक विद्रूप आकृती त्यांना दाखवली होती. त्यांना आपला एक अपंग मित्र आठवला, ज्याला हात वर करून टाळी देणंही जड जातं, आणि ते चिडले. आजच्या एआय चित्रांवर ते असंच बोलतील असं वाटू शकतं, पण ते वाक्य त्या चित्रांवरचं नाही.

उरली डेडलाइन. 2013 मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली, मग परत आले. ‘द बॉय अँड द हेरॉन’ हा पुढचा चित्रपट 2023 मध्ये लागला आणि 2024 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. तो बनत असताना निर्माते तोशिओ सुझुकी यांनी मुलाखतीत सांगितलं होतं, की साठ अ‍ॅनिमेटर आहेत, महिन्याला साधारण एक मिनिट तयार होतं आणि या चित्रपटाला डेडलाइन ठेवलेलीच नाही.