मैदान हिरवंच असतं

अभिनंदन! क्रीडासंघटनेच्या अध्यक्षपदाची माळ अखेर तुमच्या गळ्यात पडली. पहिल्याच पत्रकार परिषदेत कुणीतरी पर्यावरणाचं विचारणारच, तेव्हा आधी एक वर्ष ठरवून ठेवा. 'शून्य उत्सर्जन' कधी, ते वर्ष. सूत्र सोपं आहे : तुमच्या निवृत्तीचं वर्ष अधिक दहा. संयुक्त राष्ट्रांच्या क्रीडा-हवामान आराखड्यात २०३० पर्यंत उत्सर्जन निम्मं आणि २०४० पर्यंत शून्य, असं म्हटलंय. त्यातलं २०४० तेवढं पाठ करा. २०३० फारच जवळ येऊन ठेपलंय.

मग स्टेडियम. कतारनं २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ९७४ कंटेनर वापरून सुटं करता येणारं स्टेडियम उभारलं. फोटो झकास येतात. त्या स्पर्धेचं कार्बन उत्सर्जन फिफाच्याच, म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या जागतिक फुटबॉल संघटनेच्याच, अंदाजानुसार ३६ लाख टन होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त निव्वळ प्रवासाचं. तरी स्पर्धा 'कार्बन न्यूट्रल' (जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढला) म्हणून मिरवली. स्वित्झर्लंडच्या जाहिरात-नियामकांनी हा दावा दिशाभूल करणारा ठरवला, तो जून २०२३ मध्ये. तोवर करंडक अर्जेंटिनात जाऊन सहा महिने झाले होते. यातली वेळ साधण्याची कला शिकून घ्या.

पसारा मात्र वाढवत राहा. ६४ सामन्यांचे १०४ करा, ३२ संघांचे ४८. २०२६ ची स्पर्धा तीन देशांत, २०३० ची तर तीन खंडांतल्या सहा देशांत. हे सगळं जाहीर करताना प्रेक्षकांच्या हातातली प्लॅस्टिकची स्ट्रॉ काढून घ्यायला विसरू नका. पृथ्वी वाचवायची जबाबदारी तिकीट काढून आलेल्यांची असते.

संघाच्या विमानाबद्दल कुणी छेडलं तर जपून. २०२२ मध्ये पॅरिसचा फुटबॉल संघ फ्रान्समधल्याच नांत शहराला विमानानं गेला; वेगवान रेल्वेनं दोन-सव्वादोन तासांची वाट. प्रशिक्षक गाल्तिए म्हणाले, आता वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या गाडीनं जाता येतं का ते बघतोय. शेजारी बसलेल्या संघातल्या स्टार खेळाडू एम्बाप्पेला हसू आवरेना. टीकेची झोड उठली. तेव्हा हसायचं असेल तर माइक बंद झाल्यावर.

प्रायोजक? तेलकंपनी चालेल. फिफानं २०२४ मध्ये सौदीच्या अरामकोशी करार केला, आकाश काही कोसळलं नाही. वाटलंच तर झाडं लावा. आयपीएलनं २०२३ च्या बाद फेरीपासून प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपांची घोषणा केली. म्हणजे फलंदाज जितका चाचपडेल तितकं जंगल दाट, आणि षटकार मारणारा उघड उघड वृक्षद्रोही! (ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनापासून मानतो.)

शेवटचं काम : एक 'शाश्वतता अधिकारी' नेमा. हुशार, तरुण, तळमळीचा बघा. त्याला केबिन द्या, कुंडी द्या. वेळापत्रक ठरवायच्या बैठकीला तेवढं बोलावू नका. हवामान परिषदेला मात्र जरूर पाठवा, विमानानंच जाईल बिचारा. आणि त्याचा वार्षिक अहवाल कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापा.