आई, हळू बोल

आज दुपारी आईला घेऊन एका कलादालनात गेलो होतो. परत येऊन चार तास झाले तरी डोके शांत झालेले नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मजकूर लांबणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावे.

प्रदर्शन कापडावरच्या कामांचे होते. मधल्या भिंतीवर दोन माणसांच्या उंचीचा एक पट टांगलेला होता. धुवून धुवून विटलेल्या कापडाचे तुकडे एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्यावरून लाल दोऱ्याच्या धावदोऱ्याच्या ओळी गेलेल्या. माझ्या आईने आयुष्यभर शिवणकाम केले आहे. ती आधी त्या पटासमोर उभी राहिली, मग बाजूने वाकून तिने पाहिले, मग पुन्हा समोर आली आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "अरे, हे उलटं लावलंय. गाठी बघ ना, सगळ्या आपल्याकडे आल्यात. सुलट बाजू भिंतीकडे आहे."

तिथे उभा असलेला एक तरुण हसला. लहान मुलाने चंद्र मागितला की मोठी माणसे जसे हसतात, तसे. "काकू, हे शिवणकाम नाहीये, कलाकृती आहे. बाजूचा मजकूर वाचा, म्हणजे संदर्भ कळेल."

आईने चष्मा पुढेमागे करत, एकेका शब्दाखाली बोट धरून तो मजकूर वाचला. वर कलावंताचे नाव होते आणि खाली 'विखंडित स्मृतींच्या अवकाशात देहाच्या अनुपस्थितीशी साधलेला अंतर्विरोधी संवाद' असे काहीसे लिहिलेले होते. तिने मला विचारले, "म्हणजे काय रे?" मी इतकी वर्षे इथे चित्रांविषयी ऐटीत लिहीत आलो आहे, पण मला तिला एक वाक्य सांगता आले नाही.

मला राग आला आहे तो त्या मजकुराचा. त्यात सुई नव्हती, दोरा नव्हता, आणि कापड उलटे का लावले याविषयी एक अक्षर नव्हते. तो पट चुकून उलटा लागला असेल यावर माझा विश्वास नाही. आयुष्यभर जी बाजू आत दडवायची, तिच्या गाठी आणि तुटके दोरे मुद्दाम लोकांसमोर आणण्यातच त्या कामाचा जीव आहे, असे मला आता वाटते. माझ्या आईने तो अर्ध्या मिनिटात, मजकुराच्या मदतीशिवाय नेमका पकडला. आणि तिलाच सांगण्यात आले की तिला संदर्भ माहीत नाही.

कला सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे, हे तुम्हा मंडळींना पटवत बसण्याची गरज नाही, आपण सगळे तेच मानतो. पण 'पोहोचणे' म्हणजे नुसते दार उघडे ठेवणे, असा सोयीचा अर्थ आपण लावून घेतला आहे. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५९ साली खुले झाले तेव्हा प्रवेश फुकटच होता, मात्र आत जाण्यासाठी लेखी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे. ज्याला अर्ज लिहिता येत नसे, त्याच्यासाठी ते दार फुकट असून बंदच होते. आज अर्ज लागत नाही, त्याची जागा भिंतीवरच्या त्या मजकुराने घेतली आहे. तो समजला तर तुम्ही आतले, नाही समजला तर काकू.

आता कुणीतरी म्हणेलच की कलेने लोकांसाठी सोपे व्हायचे का. मी असे म्हटलेले नाही. १८७४ साली पॅरिसमध्ये चित्रकार मोने आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांची थट्टाच झाली आणि थट्टेतले 'इम्प्रेशनिझम' हे नावच पुढे त्यांच्या शैलीला चिकटले. पाहणाऱ्यांचे पहिले मत अनेकदा चुकते, हे मान्य. पण त्यावरून पाहणाऱ्याला बोलूच द्यायचे नाही, हा निष्कर्ष कुठून निघतो?

शिवाय कठीण काम सामान्य माणसाला झेपत नाही, हेच मला मान्य नाही. वॉशिंग्टनमधले व्हिएतनाम युद्धाचे स्मारक पाहा. माया लिन ही एकवीस वर्षांची विद्यार्थिनी होती आणि १९८१ मध्ये तिचा आराखडा चौदाशेहून अधिक प्रवेशिकांतून निवडला गेला. त्यात घोडा नाही, सेनापती नाही, फक्त जमिनीत उतरत जाणारी काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि तिच्यावर कोरलेली नावे. त्या वेळी तिच्यावर चिखलफेक झाली, विरोधकांच्या समाधानासाठी १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा रीतसर पुतळाही उभारावा लागला. आज त्या भिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. माणसे येतात, युद्धात गेलेल्या आपल्या माणसाचे नाव शोधतात, त्यावर बोट फिरवतात, कागद ठेवून पेन्सिलीने अक्षरांचा ठसा घेऊन जातात. त्यांना कुणी अमूर्त कला शिकवलेली नव्हती.

जवळपास त्याच काळात न्यू यॉर्कमध्ये सरकारी कचेऱ्यांपुढच्या चौकात शिल्पकार रिचर्ड सेराने १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी भिंत उभी केली. चौक ओलांडणाऱ्यांना तिला वळसा घालून जावे लागे. बरीच वर्षे वाद चालला आणि १९८९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. एखादे काम असे तोडून उचलून नेणे मला आवडत नाही, ही गोष्ट नाखुशीने का होईना, नोंदवून ठेवतो. पण रोज वळसा घालणाऱ्या माणसाच्या तक्रारीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी उभा राहणार नाही.

आणि ते 'शिवणकाम नाहीये, कलाकृती आहे' हे वाक्य! ते अजून कानात घुमते आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यानपिढ्या कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या, त्या थंडीत मुलाबाळांना पांघरता याव्यात म्हणून. २००२ साली त्याच गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यू यॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि भल्याभल्या समीक्षकांनी त्यांच्यापुढे माना डोलावल्या. मग शिवणकाम कुठे संपले आणि कलाकृती कुठे सुरू झाली? पलंगावरून भिंतीवर जाताना वाटेत कुठेतरी?

इथवर लिहून मी थांबलो होतो, पाणी पिऊन आलो. त्या तरुणावर मी जरा जास्तच घसरलो आहे. तो विशी-बाविशीचा असेल, त्याला जे पाठ करून दिले तेच तो बोलला, आणि त्याचा स्वर उद्धट नव्हता. खरे तर मला जे लिहायचे होते ते मी इतका वेळ टाळतो आहे.

त्याचे बोलणे झाल्यावर आई गप्प बसली नव्हती. ती पटाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली, बोट कापडापासून वीतभर लांब धरून मला म्हणाली, "आणि इथे बघ..." तेवढ्यात शेजारची दोन माणसे वळून पाहू लागली. आणि मी म्हणालो, "आई, हळू बोल." तो तरुण नव्हे, मी म्हणालो. ती लगेच थांबली, पर्स छातीशी धरली आणि उरलेले प्रदर्शन तिने माझ्या मागून, एकही शब्द न बोलता पाहिले. कला सर्वांची आहे असे इथे दर महिन्याला लिहिणाऱ्या मला माझ्या आईच्या आवाजाची लाज वाटली.

घरी आल्यावर तासाभराने मीच विषय काढला आणि त्या कोपऱ्यात काय होते ते विचारले. ती आधी "जाऊ दे" म्हणाली. मग म्हणाली, "आमच्या शिवणाच्या बाई आधी उलट बाजूच बघायच्या. सुलट बाजू कुणीही छान करतं, त्या गुण द्यायच्या ते उलट बाजूचे. काम चांगलं होतं रे ते. पण त्या कोपऱ्यात हात बदललाय. तिथून टाके बारीक होतात आणि गाठ दुसऱ्या बाजूने मारलेली आहे, डावखुऱ्या बाईची असावी. दोघींनी मिळून केलंय ते." आणि मग तिने मला विचारले, "तिथे नाव एकच होतं ना? दुसरीचं कुठे लिहिलं होतं का?"

मी मजकुराचा फोटो काढला होता. तो मोठा करून दोनदा वाचला. लिहिलेले नव्हते.