पाच वर्षांची मुदत अडीच वर्षांत कशी संपवावी

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. कौल तुमच्या बाजूनं लागला.

आमच्या कोकणात कौल तीन तऱ्हेचे. पहिला देवळातला. गुरव देवाला कळे, म्हणजे कौल मागायच्या फुलाच्या पाकळ्या, लावतो. उजवा पडला तर कामाला लागायचं, डावा पडला तर नारळ तिथंच ठेवून मुकाट घरी यायचं. दुसरं कौल मंगळुरी, छपरावरचं. ते दर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं आणि वांदरांनी उडी मारली की फुटतं. तिसरा तुम्हांला आत्ता मिळालाय तो, जनतेचा. हा एकदा मिळाला की पाच वर्षं शाकारावा लागत नाही, अशी पक्की समजूत आजच करून घ्या. पुढचं सगळं मार्गदर्शन त्याच पायावर उभं आहे.

तुम्ही ग्रामपंचायतीतलं पॅनेल उलटवलं असेल, विविध कार्यकारी सोसायटी जिंकली असेल, नाहीतर थेट वरचं सरकार पाडलं असेल. कृती एकच, भांडं लहानमोठं. पण शिकायचं तर मोठ्या घरी शिकावं, म्हणून मी तुम्हांला सहाव्या लोकसभेची पोथी लावून देतो. मार्च १९७७ ते ऑगस्ट १९७९. तीस वर्षं एकाच पक्षाचं राज्य होतं, ते लोकांनी उलथवलं. जनता पक्षाला २९५ जागा, काँग्रेस १५४ वर, रायबरेलीत खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी पडल्या. आमच्या राजापूर मतदारसंघानं मधु दंडवत्यांना पुन्हा निवडून दिलं, रत्नागिरीनं बापूसाहेब परुळेकरांना. एवढं घसघशीत यश हाती असताना ते घालवायचं कसं, हा खरा कसबाचा प्रश्न. ज्यांनी तो सोडवला ते सामान्य लोक नव्हते. बहुतेक जण तुरुंग भोगून आलेले, वाचलेले, बोलायला फर्डे. आपल्याला तर तेवढीही पूर्वतयारी लागणार नाही.

सुरुवात घरापासून करा. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी असे चार भाऊ जनता पक्षाच्या एका छपराखाली आले. घाई इतकी की स्वतःची निशाणी मिळवायला सवड नव्हती. लोकदलाचा चक्रातला नांगरवाला शेतकरी उसना घेतला आणि त्यावर लढले. मागाहून काँग्रेस सोडलेले जगजीवनराम आपली वळकटी घेऊन आले. घर एक, चुली पाच. याहून जास्त फोड करून कोकणी वाचकाचा अपमान मी करणार नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत, ज्याच्या परसातल्या एका फणसाला पाच वाटेकरी आहेत आणि गणपतीचा पाट यंदा कुणाचा यावरून ज्याच्या घरात तीन पिढ्या अबोला आहे, त्याला दिल्लीचं राजकारण वेगळं शिकवायला नको.

पहिल्याच दिवशी कर्ता कोण यावर बसा. मोरारजी, चरणसिंग, जगजीवनराम असे तीन दावेदार होते. सकाळी राजघाटावर गांधींच्या समाधीपाशी एकजुटीची शपथ झाली. आमच्याकडे भाऊ वाटणीला बसण्याआधी मूळपुरुषाला नारळ देतात, तसंच. मग जयप्रकाश आणि आचार्य कृपलानी या वडीलधाऱ्यांनी मोरारजींचं नाव काढलं. मोरारजी तेव्हा ८१ वर्षांचे. बाकीचे दोघे मान डोलावून उठले, पण ज्यानं कोकणात वाटणी पाहिली आहे त्याला मान डोलावणं आणि मान्य असणं यांतला फरक कळतो. पुढे १९७८ च्या जूनमध्ये चरणसिंगांना मंत्रिमंडळातून काढलं, १९७९ च्या जानेवारीत समजूत घालून परत आणलं, आणि त्यांना एकट्यालाच उपपंतप्रधान केलं तर जगजीवनराम रुसतील म्हणून दोघांनाही केलं. एका ओटीवर यजमानाशेजारी आणखी दोन पाट. ही युक्ती जरूर वापरा. उपसरपंच दोन नेमता येत नसतील तर एकाला निदान झेंड्याला सलामी द्यायला पुढे उभं करा.

आता दुसरं पथ्य. नवी विहीर खणू नका, जुनी उकरा. आधीच्यांनी काय काय खाल्लं, याची चौकशी हे सत्ताबदलानंतरचं सर्वांत पौष्टिक काम. आणीबाणीत अत्याचार झाले होते, चौकशी व्हायलाच हवी होती. न्यायमूर्ती शहांचा आयोग नेमला, त्यानं तीन अहवाल दिले, त्यात दाखले खच्चून भरलेले. इथपर्यंत सगळं सरळ. पण सरळ कामानं मुदत लवकर संपत नाही. त्यासाठी पुढची पायरी लागते. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये इंदिरा गांधींना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी सोडून दिलं, कारण पुराव्याची तयारीच नव्हती. पुढल्या वर्षी त्या चिकमगळूरहून पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आल्या, तर सभागृहानं डिसेंबरात त्यांची खासदारकीच रद्द केली आणि अधिवेशन संपेपर्यंत तिहारला पाठवलं. आठवडाभराचा तुरुंग. ज्या बाईला लोकांनी हरवलं होतं, तिच्याबद्दल लोकांच्या मनात कणव उत्पन्न करणं हे एरवी कुणाला साधलं नसतं. आमच्याकडे म्हण नाही, पण असायला हवी: जखमी वाघाला गोठ्यात बांधावं आणि वर दूध पाजावं.

शेजाऱ्यांकडेही दुर्लक्ष नको. नऊ राज्यांत काँग्रेसची सरकारं होती. लोकसभेत हरलात म्हणजे तुमच्यावरचा लोकांचा विश्वास उडाला, असा तर्क लढवून नऊच्या नऊ विधानसभा बरखास्त केल्या. तर्क बिनतोड. इतका बिनतोड की १९८० साली इंदिरा गांधी परतल्या तेव्हा त्यांनी तोच उचलला आणि मोजून नऊच बरखास्त केल्या, त्यात आपलं महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद आघाडीचं सरकारही गेलं. नगाला नग. भाऊबंदांच्या कलमांवर कोयता चालवाल तर तो बांधावर ठेवून जाऊ नये, एवढं तरी आमच्या वाडीतल्या पोरांना कळतं.

सावध राहायचं ते एकाच गोष्टीपासून. एवढ्या गडबडीतही हातून चुकून काम होऊन जातं.

याला जनता सरकारही अपवाद ठरलं नाही. ४४ वी घटनादुरुस्ती घ्या. आधीच्या सभागृहानं ४२ व्या दुरुस्तीनं लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं करून घेतली होती आणि स्वतःही पाच उलटल्यावर बसून राहिलं होतं. नव्यांनी कायदा करून ती पुन्हा पाचावर आणली. 'अंतर्गत अशांतता' एवढ्या सबबीवर आणीबाणी लावता येत होती, तिथं 'सशस्त्र उठाव' असे शब्द घातले आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा अशी अट टाकली. रात्रीच्या रात्री सही घेऊन सकाळी मंत्र्यांना कळवायची सोय बंद. हे फार उपयोगी काम झालं, आजही उपयोगी पडतंय, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात नाही. (त्याच दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. आमच्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.) गंमत पाहा, मुदत पाच वर्षांची करणारं ते सभागृह स्वतः एकोणतीस महिन्यांत आटोपलं.

दुसरी चूक आमच्याच खासदारांनी केली. दंडवते रेल्वेमंत्री झाले. आता रेल्वेमंत्री म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसालाही कळतं: आपल्या मतदारसंघात गाडी, जावयाच्या गावाला थांबा. यांनी काय करावं? १९७४ च्या संपात काढलेल्या कामगारांना परत घेतलं आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला लावला. देशभरच्या गरीब पाठी मऊ झाल्या. आणि राजापूर मतदारसंघात? रुळाचा एक तुकडा नव्हता. आमचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर बोटीची नाहीतर मुंबई सेंट्रलला एसटीची रांग लावून, पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन, वाटेत ओकत यायचा. फोम आला होता, तो टेकवायला गाडी नव्हती. माझ्या एका काकांनी तेव्हा हिशेब मांडला होता: मंत्री आपला, फोम बिहारचा. ते त्या माणसाला मत देत राहिले, तेही दर वेळी शिव्या घालून. तुम्ही मात्र असला वेडेपणा करू नका. आधी आपल्या वाडीचा रस्ता, मग देश. आणि रस्त्याचा फलक रस्त्याआधी.

शेवट कसा घडवावा, हे आता पटकन सांगतो, कारण तो घडलाही पटकनच. दुहेरी निष्ठेचा वाद काढावा: पक्षाचा सभासद असताना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा असावा की नाही. निवडणुकीआधी हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता, कारण तेव्हा सगळे एकाच तुरुंगात होते. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी अविश्वासाचा ठराव आणला. पक्षातून माणसं ओघळू लागली, मतदानाची वाट न पाहता १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. ज्यांना तुरुंगात धाडलं त्याच इंदिराबाईंच्या पाठिंब्यावर चरणसिंग पंतप्रधान झाले, ठराव आणणारे यशवंतराव उपपंतप्रधान झाले, आणि लोकसभा भरायच्या तोंडावरच पाठिंबा गेला. संसदेचं तोंड न पाहता पंतप्रधानपद आटोपलं. २२ ऑगस्टला राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी लोकसभा बरखास्त केली. याच लोकसभेचे पहिले सभापती तेच होते. ज्या भटजींनी वास्तुशांत केली त्यांनीच बाराव्याचे मंत्र म्हटले, आणि दक्षिणा दोन्ही वेळची.

आमच्या राजापूरला उन्हाळे गावात गंगा येते. चौदा कुंडं कोरडी असतात, मग कधीतरी, तीनेक वर्षांनी म्हणा, अचानक भरतात. बातमी फुटते, गाड्या लागतात, लोक आंघोळी करून पापं धुतात, आणि दोन-तीन महिन्यांत ती निघून जाते. ती गेल्यावर गावकरी कुंडांशी भांडत बसत नाहीत. १९७७ ला असंच पाणी आलं होतं. पुन्हा आलं १९८९ ला, त्याच तऱ्हेनं. तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. ते सरकार तर वर्षभरही टिकलं नाही. पण जाता जाता, जुलै १९९० मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ काढून गेलं. बिघडलं ते हे. एवढ्या अवधीत नीट भांडता आलं असतं. १९९१ ला आम्ही दंडवत्यांना पाडून चूक दुरुस्त केली. रूळ मात्र तोवर वाटेला लागले होते आणि जानेवारी १९९८ मध्ये अख्ख्या मार्गावर गाडी धावली. माझ्या काकांनी त्यातून एकदाच प्रवास केला. फळीवर हात दाबून पाहिला, म्हणाले, "दोन इंच नाय हा. दीडच आसा."

तर तुमची मुदत सुरू झाली आहे. पहिली बैठक लावा, त्यात खुर्च्यांचा क्रम ठरवा, मागच्यांची दप्तरं उघडा. आणि कामाला लागण्याआधी रीत म्हणून ग्रामदेवतेपुढे एकदा गाऱ्हाणं घाला. आमच्या गावातलं नवं पॅनेल गेल्या सोमवारी गेलं होतं. गुरवानं कळे लावले, गावकऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, सरपंच हात जोडून उभे राहिले. दुपार झाली, कळा पडेना, ना उजवा ना डावा. मंडळी जेवायला जाऊन आली. गुरव तंबाखू मळत म्हणाला, बसा, देवाक काय घाई नाय.